आल्याचं बेणं आणि डाळिंबाची साल: साठवणीतली बुरशी रोखायला पहिल्यांदाच अर्क करणाऱ्यांसाठी

आल्याची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकते आणि लागवड होते अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे. मधले दीड-दोन महिने बेणं सावलीत थांबलेलं असतं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात आल्याचा हिशेब गाडीवर चालतो. एक गाडी म्हणजे 500 किलो, आणि एकराला साधारण दोन गाड्या बेणं लागतं. ज्या साली दर चढा असतो त्या साली खर्चाच्या वहीत बेण्याचाच आकडा सगळ्यात मोठा असतो. आणि नेमका हाच माल झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, पाल्याखाली पडल्या पडल्या आतून कुजतो. वरून ढीग शाबूत दिसतो. हात आत घातला की एखादा गड्डा मऊ लागतो, अंगठा रुततो आणि आंबूस वास वर येतो.

त्या दीड-दोन महिन्यांत बेण्यावर चढणारी बुरशी डाळिंबाच्या सालीच्या अर्काने बऱ्यापैकी रोखता येते. पण अर्क कंदाच्या कातडीपुरता काम करतो. आत गेलेला रोग तो बाहेर काढत नाही, ओलं ठेवलेलं बेणं तो वाचवत नाही आणि रोगट शेतातलं बेणं तो निरोगी करत नाही. हे एकदा मनाशी पक्कं केलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या आहेत. नाही केलं, तर साल, कष्ट आणि बेणं तिन्ही वाया जातं.

डाळिंबच का

सालीत टॅनिन भरपूर असतं. दाणे खाऊन झाल्यावर साल जिभेला लावून पाहा, तोंड आवळून येतं. तो तुरटपणा म्हणजेच टॅनिन. त्यातला प्युनिकॅलॅजिन नावाचा घटक डाळिंबाचा खास, आणि त्याच्या जोडीला एलॅजिक आम्ल. टॅनिन प्रथिनांना चिकटतं. बुरशीचा बीजाणू रुजताना जी विकरं (एन्झाइम) बाहेर सोडतो तीही प्रथिनंच, त्यामुळे तुरट थरावर त्याला पाय रोवणं जड जातं. चामडं कमावताना बाभळीची साल वापरतात तेही टॅनिनसाठीच. टॅनिन धरलेलं कातडं कुजत नाही.

ही कल्पना काही माझी नव्हे. इजिप्तमधल्या संशोधकांनी साठवणीतल्या बटाट्याला फ्युजॅरियम नावाच्या बुरशीमुळे होणाऱ्या कोरड्या कुजीवर डाळिंबाच्या सालीचा अर्क वापरून पाहिला आहे. इटलीत लिंबूवर्गीय फळांवर आणि चेरीवर असे प्रयोग झाले आहेत. निकाल उमेद वाढवणारे आहेत. मात्र प्रयोगशाळेत बहुतेक वेळा अल्कोहोलसारख्या द्रावकात काढलेला, आटवून घट्ट केलेला अर्क असतो. आपण घरी पाण्यात काढणार. तो सौम्य असणारच, म्हणून तिथले आकडे आपल्या बेण्याला लावायला जाऊ नका.

दुसरं कारण आपल्या जिल्ह्यांचं. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, इकडे माण, खटाव, फलटण हा सगळा डाळिंबाचा पट्टा. मृग बहराची फळं डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतात, हस्त बहराची फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. म्हणजे बेणं साठवायची वेळ आणि साल मिळायची वेळ एकच. माणदेशातलं डाळिंब आणि कोरेगावचं आलं यांच्यात अंतर आहे ते फक्त टेम्पोच्या एका फेरीचं.

बाकीच्या सालींबद्दल सगळेच विचारतात. मोसंबी-संत्र्याच्या सालीतला बुरशीला मारक भाग मुख्यतः वरच्या पिवळ्या कातडीतल्या तेलात असतो. तेल पाण्यात उतरत नाही आणि उन्हात साल वाळवली की बरंचसं उडून जातं. रसवंतीवरून पोतं भरून मोसंबीची साल आणून पाण्यात भिजवली तर हाती सुवासिक पाणी लागेल, औषध नाही. केळीच्या सालीत साखर जास्त, ती तर बुरशीचंच खाणं. आंब्याच्या कोयीच्या गरात टॅनिन चांगलं असतं, पण कोयी गोळा होईपर्यंत आपली लागवड होऊन गेलेली असते. नवख्याने डाळिंबापासूनच सुरुवात करावी.

पहिली पायरी: बेणं निवडणं

सगळ्यांना अर्काची कृती आधी हवी असते. मी मुद्दाम थांबवतो, कारण निम्म्याहून जास्त काम इथेच होतं.

आल्यात सडकूज म्हणून जी ओळखतो ती पिथियम या बुरशीसारख्या जंतूमुळे होते. ती उभ्या पिकातच, पावसाळ्यात, बुंध्यापासून सुरू होते. पानं पिवळी पडतात, कोंब ओढला की हातात येतो. त्या भागातलं बेणं वरून कितीही टवटवीत दिसू दे, साठवणीला घेऊ नका. फ्युजॅरियम वेगळी खूण देतो. कंद आडवा कापला की आतल्या पिवळ्या गरात तपकिरी कडं किंवा ठिपके दिसतात. स्क्लेरोशियम असेल तर कंदावर पांढऱ्या धाग्यांचा पंखा आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. निळसर-हिरवी भुकटी दिसली तर ती पेनिसिलियम. ती बहुधा मोडलेल्या तोंडावर, कुदळ लागलेल्या जखमेवर बसते.

आपला अर्क प्रामुख्याने या शेवटच्या प्रकारासाठी, म्हणजे जखमेवर आणि कातडीवर नव्याने बसू पाहणाऱ्या बुरशीसाठी आहे.

आणि एक परीक्षा कधीही चुकवू नका. संशय आलेल्या कंदाचा ताजा काप काचेच्या ग्लासात, स्वच्छ पाण्यात, दोऱ्याने अधांतरी टांगा. काही मिनिटांत कापाच्या तोंडातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला, तर तो जिवाणूजन्य मर रोग. ही बुरशीच नव्हे. असं बेणं अर्काच्या टबात बुडवलं तर रोग त्याच पाण्यातून सगळ्या कंदांना वाटला जातो. त्या प्लॉटमधला एकही गड्डा बेण्याला धरायचा नाही.

निवडलेलं बेणं झटकून माती काढा. मुळ्या छाटा. कुदळीचे मोठे घाव असलेले गड्डे बाजूला काढून विक्रीला टाका. धुवायचं असेल तर वाहत्या पाण्याखाली धुवा, साचलेल्या हौदात नको. धुतल्यावर सावलीत पसरून वरचं पाणी सुकू द्या.

दुसरी पायरी: साल मिळवणं आणि वाळवणं

ज्यूस सेंटर, दाणे काढून पॅकिंग करणारे, किंवा बाजारातून बाद झालेली फळं. माझी आत्या आटपाडीकडे असते, तिथून मी तडकलेली फळं आणतो. तडकणं म्हणजे फळ वाईट नव्हे, ताजं तडकलेलं फळ सालीसाठी चांगलंच. पण कुजवा लागलेलं, आतून काळं पडलेलं फळ नको. त्या काळ्या भुकटीत करोडो बीजाणू असतात, आणि ज्याला रोखायचं तोच आपण घरी आणतो. तेल्या या डाळिंबाच्या जिवाणूजन्य रोगाचे डाग असलेली साल मी घेत नाही. तो रोग आल्याला लागतो म्हणून नव्हे, डाग चिरलेले असतात आणि त्यात दुसरी बुरशी घर करते म्हणून.

साल आणल्या दिवशीच धुवा. डाळिंबावर फवारण्या खूप होतात, त्यामुळे दोन पाण्यांनी धुवा. आत चिकटलेले दाणे एकूण एक काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दाण्यासोबत साखर येते आणि साखर आली की अर्क आंबतो. आतले पांढरे-पिवळे पापुद्रे राहू द्या, तेही तुरटच असतात.

बोटाएवढे तुकडे करून सावलीत, वारा लागेल अशा जागी, जाळीवर पसरा. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत चार-सहा दिवसांत साल वाळते. तुकडा वाकवला की वाकला तर अजून ओला आहे. काडीसारखा कट्कन मोडला पाहिजे. वाळताना एखाद्या तुकड्यावर काळी-हिरवी बुरशी चढली तर तो आणि त्याच्या आजूबाजूचे तुकडे फेकून द्या. साधारण 3 ते 4 किलो ओल्या सालीची 1 किलो कोरडी साल होते.

कोरडी साल मिक्सरमध्ये किंवा कांडपात जाडीभरडी करा, रव्यासारखी. फार बारीक पीठ केलं तर गाळताना कापड चोंदतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल न लागता ठेवा.

तिसरी पायरी: अर्क

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: 1 लिटर पाण्याला 100 ग्रॅम भुकटी.

भांडं स्टीलचं, प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्या. लोखंडी घमेलं, लोखंडी बादली, गंजका ड्रम नको. टॅनिन आणि लोह भेटलं की शाई होते. जुन्या काळी शाई याच मेळातून करत. टॅनिन लोखंडाला जाऊन चिकटलं तर बुरशीसाठी काय उरणार?

पाणी शक्यतो मऊ घ्या. आपल्याकडे कृष्णाकाठच्या खारवटलेल्या जमिनीतल्या विहिरी-बोअरचं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही. तसल्या पाण्यात अर्क लवकर काळपट पडतो. फिल्टरचं पाणी मिळालं तर उत्तम, नाहीतर नळाचं चालेल.

पाणी गरम करा, पण उकळू नका. हात घातला तर चटका बसेल इतकं, साधारण 60 अंश. गॅस बंद करून भुकटी टाका, लाकडी काठीने ढवळा, झाका. तासाभरात दोन-तीन वेळा ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या धुतलेल्या सुती साडीच्या दुपदरी कापडातून गाळा, चोथा पिळून घ्या. रंग गडद तपकिरी-पिवळा येतो, चहाच्या कोऱ्या काढ्यासारखा. हाताला आणि कपड्याला लागला तर निघत नाही, म्हणून जुने कपडे घाला.

हा अर्क त्याच दिवशी संपवायचा. पहिल्या वर्षी मी इथेच चुकलो. जीवामृत करायची सवय होती. म्हटलं, जितकं मुरेल तितकं चांगलं. ओलीच साल, दाण्यासकट, दोनशे लिटरच्या ड्रममध्ये टाकली आणि चार दिवस ढवळत बसलो. वर फेस आला, आंबट वास सुटला. मी त्यालाच ताकद समजलो. नाना, माझे चुलते, ड्रमपाशी येऊन उभे राहिले, वास घेतला आणि म्हणाले, "लेका, ह्ये औषध न्हाई, ह्ये विरजण झालंया. ह्यात बेणं घालशील तर बेणंबी इरजल." मी ऐकलं नाही. आठ-दहा दिवसांनी पालापाचोळा बाजूला केला तर बुडवलेल्या बेण्यावर न बुडवलेल्यापेक्षा जास्त पांढरी लव होती. साखर मीच पुरवली होती, ओल मीच पुरवली होती. जीवामृतात जिवाणू वाढवायचे असतात, इथे वाढ थांबवायची असते. दोन कामं उलटी आहेत.

खिळ्याची परीक्षा

अर्क उतरला की नाही हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पांढऱ्या वाटीत दोन चमचे अर्क घ्या आणि त्यात गंजका खिळा टाका. थोड्याच वेळात खिळ्याभोवती निळसर-काळा ढग पसरायला लागतो आणि हळूहळू वाटीभर शाई होते. जितका टॅनिनचा भरणा, तितका रंग दाट. आधीच्या खेपेचा आणि आजचा अर्क दोन वाट्यांत शेजारी ठेवून, सारखेच खिळे टाकून पाहा. आजचा फिका पडला तर साल जुनी होती, भुकटी जाड राहिली किंवा पाणी कोमट होतं. अर्कात नेमकं किती प्युनिकॅलॅजिन आहे हे खिळा सांगत नाही, पण एका खेपेची दुसरीशी तुलना करायला तो पुरतो. परीक्षा झाल्यावर ती वाटी ओतून द्या, परत अर्कात मिसळू नका.

चौथी पायरी: बुडवायचं की फवारायचं

पहिल्या वर्षी 40 किलोच बेणं घ्या. याचं कारण हिशेबात आहे. 20 किलो बेणं जाळीच्या पिशवीत घालून नीट बुडायला साधारण 25 लिटर अर्क लागतो, म्हणजे अडीच किलो कोरडी भुकटी. एका अर्कात मी दोनपेक्षा जास्त पिशव्या बुडवत नाही. माती उतरते, कंदावरचे बीजाणू उतरतात आणि तिसऱ्या पिशवीला आपण औषधाऐवजी गढूळ पाणी पाजतो. आता हाच हिशेब एका गाडीला लावा: 500 किलोंच्या 25 पिशव्या, 13 वेळा नवा अर्क, 30 किलोंच्या वर कोरडी साल, म्हणजे ओली 100 किलोंहून जास्त. दोन माणसांना साल धुता धुता दिवस जातील. म्हणून मोठ्या मालाला बुडवणं परवडत नाही. सुरुवात करणाऱ्याने तर त्या वाटेला जाऊच नये.

बुडवताना पिशवी अर्ध्या तासासाठी ठेवा, मध्ये एकदा वरखाली हलवा. कंदांच्या बेचक्यांत हवा अडकते, तिथे अर्क पोचत नाही आणि बुरशी नेमकी त्याच बेचक्यांत बसते. बाहेर काढून पिशवी टांगा, निथळू द्या.

फवारायचं ठरवलं तर अर्क आणखी एकदा बारीक मलमलीतून गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. पंप आधी स्वच्छ धुतलेला हवा, तणनाशकाचा पंप तर अजिबात नको. बेणं ताडपत्रीवर एका थरात पसरा, एक बाजू ओली करा, उलटा, दुसरी करा. कंदावर पाण्याची चकाकी यावी पण खाली थारोळं साचू नये. फवारणीचा एक मोठा फायदा म्हणजे एका कंदाचा रोग पाण्यातून दुसऱ्याला लागत नाही. ग्लासातल्या परीक्षेत काही दिसलं नाही, तरी मर रोगाचा जराही संशय मनात असेल तर मी फवारणीच सांगेन.

पाचवी पायरी: वाळवणं

इथे घाई केली की सगळं फुकट. ओल्या कंदावर अर्क असला तरी ओल ती ओलच. सावलीत, वारा खेळेल तिथे, एका थरात, दिवसभर तरी पसरा. उन्हात नाही. उन्हाने कंद सुरकुततो आणि डोळे मरतात. कंद हातात घ्या. कातडी कोरडी, किंचित खरखरीत आणि पिवळसर-तपकिरी झाक असलेली लागली पाहिजे. दोन फाट्यांच्या बेचक्यात करंगळी घाला, तिथे गारवा लागला तर अजून थांबा. संध्याकाळ झाली आणि वाळलं नाही तर रात्री झाकू नका, तसंच पसरून ठेवा.

सहावी पायरी: ठेवण, आणि दोन क्रेट

साठवणीची जागा म्हणजे डोक्यावर सावली आणि चारी बाजूंनी वारा. भाजीचे जाळीदार क्रेट सगळ्यात सोयीचे. खाली विटा ठेवून क्रेट जमिनीपासून उचला. तळाला आणि वर वाळलेला स्वच्छ पाला किंवा कोरडी वाळू घाला. ढीग करायचाच असेल तर कमी उंचीचा करा, आतली ऊब बाहेर निघाली पाहिजे. प्लॅस्टिकचा कागद कधीही झाकू नका. रात्री त्याच्या आतून पाण्याचे थेंब सुटतात. एप्रिलच्या झळांनी बेणं सुकायला लागलं तर शेडच्या बाजूंना ओलं बारदान टांगा, बेण्यावर पाणी मारू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकाच प्लॉटचं, एकाच दिवशी काढलेलं, सारखं निवडलेलं 40 किलो बेणं दोन भागांत करा. 20 किलोला अर्क. दुसऱ्या 20 किलोला नुसतं साधं पाणी, तितकाच वेळ, आणि तितकंच वाळवणं. साधं पाणी यासाठी की फरक पडला तर तो अर्काचा की बुडवण्याचा हे कळावं. क्रेटवर खडूने "अर्क" आणि "पाणी" लिहा, शेजारी शेजारी ठेवा.

दर आठ दिवसांनी दोन्ही क्रेट ओतून बघा. कुजका, मऊ, बुरशी आलेला कंद काढायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं, आणि तो कंद शेतात न टाकता लांब पुरायचा. समजा महिन्याने पाण्याच्या क्रेटमधून एकूण 3 किलो निघालं आणि अर्काच्या क्रेटमधून 1 किलो, तर अर्क कामाचा. दोन्हीकडे सारखंच निघालं तर तुमची कुज आतली आहे. तिथे अर्क वाढवून उपयोग नाही, पुढच्या वर्षी बेण्याचा प्लॉट बदला. दोन्हीकडे काहीच निघालं नाही, तर तुमची निवड आणि ठेवण चांगली आहे. मग साल गोळा करायचे कष्ट कशाला?

ज्यांचा एकराच्या वर पसारा आहे त्यांनी पहिल्या वर्षी उरलेल्या बेण्याला नेहमीची, कृषी खात्याने शिफारस केलेली बेणेप्रक्रियाच करावी. अर्कावर सगळं बेणं लावू नका.

हळदीला चालेल का, आणि कशाला चालणार नाही

सांगलीकडच्या हळदीच्या बेण्याला हीच रीत चालते. जेठे गड्डे, बगल गड्डे किंवा हळकुंडं, जे बेण्याला ठेवाल त्याला. मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्र आहे. बेणेप्रक्रियेची तिथली शिफारस आधी विचारून घ्या आणि अर्क तिच्या शेजारी तपासून पाहा.

शिजवून, वाळवून, पॉलिश केलेल्या हळदीला मात्र अर्काचा थेंबही लावायचा नाही. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची ती कोरडेपणामुळे आणि आत हवा खेळत नसल्यामुळे. 2005 च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरलं आणि माल गेला. वाळलेल्या मालाला पाण्यातलं औषध म्हणजे आपणच घातलेला पूर.

भुईमूग, मका, ज्वारी, गहू यांनाही हेच. धान्यात ओल 12 टक्क्यांपर्यंत खाली आणणं आणि भुईमुगाच्या शेंगा 8-9 टक्क्यांपर्यंत वाळवणं हेच तिथलं औषध. शेंगदाण्यावर किंवा मक्यावर पिवळसर-हिरवी बुरशी चढली असेल तर त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं. ते शिजवून, भाजून किंवा कुठल्याही सालीच्या अर्काने निघत नाही. असा माल ना माणसाला, ना जनावराला. लोणंद-फलटणकडच्या चाळीतल्या कांद्याला काळी बुरशी येते म्हणून अर्क फवारू का, असंही विचारतात. नको. कांद्याचा कोरडा पापुद्रा हेच त्याचं चिलखत, ते ओलं करू नका.

अर्क केलेलं आलं खायला विकू नका, हे बेण्याचंच काम आहे. आणि अर्क बाटलीत भरून "बुरशीनाशक" म्हणून शेजाऱ्याला विकायचा मोह टाळा. 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे त्याला नोंदणी लागते. कृती सांगा, साल द्या, हवं तर बरोबर बसून करून द्या.

ट्रायकोडर्मा वापरणाऱ्यांनी एक सांभाळायचं. तीही बुरशीच आहे, आपली मित्र बुरशी. टॅनिनला मित्र आणि शत्रू असा भेद कळत नाही. दोन्ही एकाच टबात मिसळू नका. साठवणीला अर्क, लागवडीच्या वेळी शेणखतातून ट्रायकोडर्मा, अशी फारकत ठेवा. गाळलेला चोथा गांडूळखताच्या बेडवर एकदम टाकू नका. आधी उकिरड्यावर शेणासोबत कुजवा.

लागवडीच्या दिवशी

दोन-तीन डोळ्यांचे तुकडे मोडताना नवी जखम होते. साठवणीत लावलेला अर्क त्या जखमेवर नाही हे ध्यानात असू द्या, आणि लागवडीची नेहमीची बेणेप्रक्रिया करा. मोडताना आत तपकिरी कडं दिसलेला तुकडा बाजूला टाका, आणि पुढचा कंद घेण्याआधी चाकू पुसा.

"अर्क" आणि "पाणी" या दोन क्रेटमधलं बेणं वेगवेगळ्या गादीवाफ्यांवर लावा, तुकडे मोजून, दोन्हीकडे सारखेच. वाफ्याच्या टोकाला काठी रोवून चिंधी बांधा. कोंब वर यायला महिना-दीड महिना लागतो. त्या दिवशी वही घेऊन दोन्ही वाफ्यांचे कोंब मोजायला जा.